‘प्रमाणांत आहे’ म्हणजे काय?

कांहीं शब्द मोठे निरपराध दिसतात. पण त्यांच्या आड जितके अपराध लपतात तितके शिव्यांच्या आडही लपत नाहींत. ‘प्रमाणांत आहे’ हे अशांपैकींच होत. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यांत राहणाऱ्या कोणत्याही गृहस्थानें पाण्याच्या रंगाविषयीं, रात्रींच्या वासाविषयीं अथवा मुलाच्या न थांबणाऱ्या खोकल्याविषयीं कोठेंही तक्रार केली, तर फिरून फिरून त्याच्या हातीं हे दोनच शब्द पडतात. ते ऐकून सुशिक्षित मनुष्य गप्प बसतो. कारण आंकड्यापुढें वाद घालणें हें अडाणीपणाचें लक्षण आहे, असें त्याला लहानपणापासून शिकविलेलें असतें. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. आंकडा समोर आला कीं ‘तूं कशाचा, तुला कोणी काढलें आणि कोणासाठीं?’ असें त्यास विचारणें हेंच शिक्षणाचें खरें लक्षण होय. आणि या तीन प्रश्नांपुढें आमच्याकडील ‘प्रमाण’ क्षणभरही टिकत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय पुस्तकी वाटूं नये म्हणून प्रथम घरची गोष्ट सांगतों. विठ्ठलवाडीस आमच्या इमारतींत नळाचें पाणी कमी पडेल त्या दिवसांत बोअरवेलचें पाणी वापरण्याचा प्रघात आहे. एका उन्हाळ्यांत त्या पाण्याला औषधाच्या दुकानासारखा वास येऊं लागला. शेजारच्या वहिनींनीं त्या पाण्यानें धुतलेले तांदूळ फेकून दिले आणि आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले, एकदां हें पाणी तपासून तरी आणा.” आम्हीं बाटली भरून एका तपासणी-कचेरींत दिली, पैसे भरले, आणि आठ दिवसांनीं कागद मिळाला. त्यांत कठिणता, क्षार, क्लोराइड, आम्लता, जंतु अशीं पंधरा-वीस मापें असून प्रत्येकासमोर ‘प्रमाणांत’ असा शेरा होता. आम्हीं तेथील गृहस्थांस विचारिलें, “साहेब, ज्याचा वास येतो तें द्रव्य या यादींत कोठें आहे?” ते म्हणाले, “त्याची चाचणी तुम्हीं मागितली नव्हती.” “मग ती आतां करून द्या.” “कोणत्या द्रव्याची करावयाची तें आपण लिहून द्या.” “तें आम्हांस कसें कळावें?” “मग आम्हांस तरी कसें कळावें?” संभाषण येथें संपलें. गृहस्थ उद्धट नव्हते. उलट त्यांनीं चहाही विचारिला. वहिनींस काय सांगावें तें मात्र आम्हांस त्या दिवशीं सुचलें नाहीं.

या लहानशा संभाषणांत सर्व प्रकरणाचें बीज आहे. विषाचें नांव ठाऊक असल्याशिवाय तें शोधतां येत नाहीं; नांव ठाऊक असतें तें सोडणाऱ्याला; आणि सोडणारा तें सांगत नाहीं. भोपाळांत २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं वायु सुटला तेव्हां रुग्णालयांत आलेल्या हजारों लोकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांस त्या विषाचें पूर्ण स्वरूप ठाऊक नव्हतें. अंधारांत चाचपडणाऱ्या त्या डॉक्टरांची जी दशा एका रात्रीं झाली, ती आमच्या पट्ट्यांतील प्रत्येक डॉक्टरची रोजच असते. फरक इतकाच कीं ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

वालधुनी ही कांहीं मोठी नदी नव्हे. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगराळ भागांतून निघून ती अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वस्त्यांतून वाहत कल्याणपाशीं उल्हासच्या खाडीस मिळते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा, शिलालेख ज्यांत सांपडला तें शिलाहारांच्या काळचें अंबरनाथाचें शिवालय तिच्याच कांठीं उभें आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अंबरनाथास आम्लें, खतें व आगकाड्या यांचे कारखाने निघाले. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या लोकांस कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या छावण्यांचें उल्हासनगर झालें. पत्ता सांगतांना लोक आजही ‘कॅम्प’ असेंच म्हणतात. पुढें अंबरनाथ व बदलापूर येथें सरकारी औद्योगिक वसाहती झाल्या. मुंबईंत घर न परवडणारा कारकून, शिक्षक आणि कामगार आगगाडीच्या वाटेनें याच बाजूस सरकला. अशा रीतीनें कारखान्याला माणसें हवीं होतीं म्हणून आणि माणसांना छप्पर हवें होतें म्हणून, दोघेही एकाच नाल्याच्या दोन कांठांवर येऊन बसले. यांत कोणाचें पाप नाहीं. पाप आहे तें पुढील पाऊणशें वर्षांत या शेजाराचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं, यांत.

नोव्हेंबर २०१४ मधील एक पहाट येथील लोक विसरलेले नाहींत. रात्रींच्या अंधारांत टँकरमधून वालधुनींत रासायनिक सांडपाणी सोडण्यांत आलें, आणि झोपेंत असलेल्या उल्हासनगरच्या नदीकांठच्या वस्तींतील शेंकडों माणसांस मळमळ, वांत्या, डोळ्यांची आग व श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयांत न्यावें लागलें. अशा प्रकारामागील रसायनशास्त्र शाळेंतील मुलालाही समजेल इतकें सोपें असूं शकतें. ज्या पाण्यांत सल्फाइडचे क्षार आहेत त्यांत आम्ल मिसळलें कीं हायड्रोजन सल्फाइड हा वायु सुटतो. थोडा असतां त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लक्ष भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला कीं घ्राणेंद्रियच बधिर होतें, आणि वास गेला म्हणून निश्चिंत झालेला मनुष्य अधिकच विष ओढीत राहतो. जानेवारी २०२२ मध्यें सुरतेजवळ सचिन येथें टँकरमधून असेंच सांडपाणी नाल्यांत सोडलें गेलें आणि सहा कामगार प्राणास मुकले.

२०१४ च्या त्या पहाटे कोणी ‘प्रमाणांत आहे’ असें म्हणाला नाहीं. कां? विष आणि वांती यांमध्यें फार तर कांहीं तासांचें अंतर होतें म्हणून. कारण आणि कार्य एकाच खोलींत सांपडलीं. पण तोच नाला उरलेल्या ३६४ रात्रीं वाहतच असतो. त्यांतून जें थोडें थोडें विहिरींत झिरपतें, गाळांत बसतें, हवेंत उडतें, त्याचा परिणाम दिसण्यास दहा-वीस वर्षें लागतात; तोंवर भाडेकरू बदललेला असतो, कारखान्याचें नांव बदललेलें असतें आणि अधिकाऱ्याची बदली झालेली असते. जें विष तासाभरांत मारतें त्यास आपण गुन्हा म्हणतों. जें वीस वर्षांत मारतें त्यास नशीब म्हणतों. या दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूंना न्यायासनासमोर उभें करावयाचें तर एकच साधन आहे, आणि तें म्हणजे धोक्याचें शास्त्रशुद्ध मूल्यमापन. तेंच आमच्याकडे झालेलें नाहीं, आणि झाल्याचा आव मात्र आणला जातो.

रसायनापासून मनुष्यास धोका किती, हें ठरविण्याचें शास्त्र आतां बाल्यावस्थेंत राहिलेलें नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें त्याच्या चार पायऱ्या घालून दिल्या, आणि त्या आज सर्वत्र मानल्या जातात. पहिली, द्रव्य कोणतें व तें कोणता अपाय करूं शकतें. दुसरी, किती मात्रेनें किती अपाय होतो. तिसरी, प्रत्यक्षांत कोणत्या माणसाच्या शरीरांत कोणत्या वाटेनें किती मात्रा जाते. आणि चौथी, या तिहींचा मेळ घालून धोक्याचा निवाडा. ‘प्रमाणांत आहे’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार चौथ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसालाच आहे. आमच्याकडे ते पहिल्या पायरीच्याही खालून उच्चारले जातात. हें एक एक करून पाहूं.

पहिली पायरी द्रव्याच्या ओळखीची. कारखान्याच्या सांडपाण्याचीं जीं मापें नेहमीं घेतलीं जातात त्यांत दोन मुख्य आहेत. एक, पाण्यांतील जंतूंना तें सांडपाणी पचवावयास किती प्राणवायु लागेल, याला बी. ओ. डी. म्हणतात. दुसरें, रासायनिक रीतीनें तें जाळून टाकावयास किती प्राणवायु लागेल, याला सी. ओ. डी. म्हणतात. नदींत सोडावयाच्या पाण्यास पहिल्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची २५० मिलिग्रॅम. हीं मापें निरुपयोगी नाहींत. नदींतला मासा गुदमरेल कीं नाहीं हें त्यांवरून चांगलें कळतें. परंतु माणूस नदींतल्या प्राणवायूवर जगत नाहीं. सी. ओ. डी. ला साखर आणि बेंझीन हीं दोन्ही सारखींच. जळावयास प्राणवायु किती लागला एवढेंच त्याला समजतें. साखरेनें मुलाचे दांत किडतात आणि बेंझीननें रक्ताचा कर्करोग होतो, हा भेद त्याच्या गांवीं नाहीं. म्हणजे ज्या आंकड्यावर आपणांस निश्चिंत राहावयास सांगितलें जातें, त्या आंकड्याला विषाचें नांवच विचारलेलें नसतें. सामायिक प्रक्रिया केंद्राचीही गोष्ट तीच. तेथील जंतु पचण्याजोगें तेवढें खातात; जड धातु गाळांत बसतात, उडणारीं द्रावणें हवेंत जातात, आणि न पचणारीं द्रव्यें जशीं आलीं तशीं पुढें वाहतात. कागदावर मात्र पाणी ‘शुद्ध’ झालेलें असतें.

दुसरी पायरी मात्रेची. ‘मात्रा हीच विष ठरविते’ हें पॅरासेल्ससचें म्हणून सांगितलें जाणारें सूत्र आमच्या प्रतिपक्षाला फार प्रिय आहे, आणि तें खरेंही आहे. पण मात्रेची मर्यादा ठरते कशी, हें सांगण्याचें तो टाळतो. बहुतेक द्रव्यांच्या बाबतींत उंदरांना तें द्रव्य देऊन, ज्या मात्रेला अपाय दिसत नाहीं ती मात्रा काढतात. मग उंदीर आणि माणूस यांतील फरकासाठीं दहानें, आणि माणसामाणसांतील फरकासाठीं आणखी दहानें, असें मिळून शंभरानें तिला भागतात. हा शंभराचा भाजक म्हणजे विद्वानांनीं प्रामाणिकपणें दिलेली आपल्या अज्ञानाची कबुली होय. शिवाय प्रत्येक प्रयोगांत द्रव्य एकच असतें. पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानक संस्थेनें घालून दिलेल्या मर्यादाही बहुतांशीं एकेका द्रव्याच्या आहेत. शिसें लिटरला ०·०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०·००३, पारा ०·००१, याप्रमाणें. वालधुनीकांठच्या माणसाच्या वांट्याला मात्र हीं द्रव्यें एकेक करून, रांग लावून येत नाहींत. दहा द्रव्यें प्रत्येकीं मर्यादेच्या आंत असलीं तरी तीं दहा एका यकृतावर पडतात. दहा सावकारांनीं प्रत्येकीं थोडेंच व्याज घेतलें, म्हणून ऋणको बुडत नाहीं काय?

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि आमच्याकडे तिच्यावर कोणीं पाऊलही ठेविलेलें नाहीं. ज्या देहाला धरून सर्व मर्यादा आंखल्या आहेत तो देह कोणाचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या गणितांत तो साठ किलो वजनाच्या, दिवसाला दोन लिटर पाणी पिणाऱ्या प्रौढाचा असतो. म्हणजे किलोमागें सुमारें ३३ मिलिलिटर. त्याच संघटनेच्या हिशेबानें दहा किलोचें मूल एक लिटर पितें. म्हणजे किलोमागें १००. वरच्या दुधावर वाढणारें पांच किलोचें तान्हें पाऊण लिटर घेतें. म्हणजे किलोमागें १५०. पाणी तेंच, पेला तोच. पण बापापेक्षां मुलाला तिप्पट आणि तान्ह्याला साडेचारपट मात्रा मिळाली. जेथें मुलाचा निराळा विचार करून मर्यादा घातलेली नाहीं, तेथें ‘प्रमाणांत आहे’ याचा अर्थ ‘बापाच्या प्रमाणांत आहे’ इतकाच होतो. घरांत बाप दिवसभर मुंबईला कामावर असतो. त्या हवेंत, त्या पाण्यावर आणि त्या धुळींत चोवीस तास राहतात तीं आई आणि मूल.

आणि वाटा तरी एक आहे काय? पाणी ही एक वाट झाली. लोहमार्गाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, मुळा, अळू पिकतात, हें लोकलनें रोज जाणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. ती भाजी त्याच संध्याकाळीं स्टेशनबाहेरच्या पाटींत येते. ही दुसरी वाट. खाडींतले मासे ही तिसरी. अंगणांत रांगणाऱ्या मुलाचीं बोटें तोंडांत जातात, ती चौथी. रात्रीं खिडकींतून येणारी हवा ही पांचवी. सप्टेंबर २०२४ मध्यें अंबरनाथच्या रस्त्यांवर एका रात्रीं रासायनिक धुक्यासारखा थर पसरून लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, तें या वाटेचें उघड दर्शन होतें. आणि २६ जुलै २००५ सारखा पूर आला कीं नदीच्या तळचा वर्षानुवर्षांचा गाळ थेट घरांत येऊन बसतो, ती सहावी. पाण्याचें खातें एकानें तपासावें, हवेचें दुसऱ्यानें, भाजीचें तिसऱ्यानें, आणि गाळाचें कोणींच नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरतें ‘प्रमाणांत’ लिहावें. आणि सहा वाटांनीं येणाऱ्या विषाची बेरीज ज्या शरीरांत होते त्या शरीरास कोणींच कांहीं विचारूं नये, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या जुन्या लोकांनीं हिला ‘रोग हाल्याला आणि औषध पखालीला’ असें नांव फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे.

राहतां राहिली चौथी पायरी, निवाड्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा एक सर्वंकष निर्देशांक काढला. शंभरांपैकीं सत्तरांहून अधिक गुण पडले तें क्षेत्र अतिप्रदूषित. अशीं ४३ निघालीं, आणि त्यांत आमच्या शेजारचें डोंबिवली ७८·४१ गुणांनीं फार वर होतें. त्या पद्धतींत विषाचें उगमस्थान, त्याची वाट आणि तें ज्याच्यावर पडतें तो जीव, असे तीन मुख्य भाग असून जिवाच्या भागास ३० गुण होते. २०१६ सालीं पद्धत ‘सुधारण्यांत’ आली. जें मोजतां येत नाहीं व मतावर अवलंबून राहतें तें गाळावें, हा उद्देश. त्यांत माणसाच्या आरोग्यास शंभरांपैकीं १० गुण उरले, आणि तेही रुग्णालयांतील नोंदींवरून द्यावयाचे. आतां आमच्या वस्तींतील मनुष्य आजारी पडला तर कोठें जातो? गल्लींतल्या डॉक्टरकडे, त्याच्याकडे नोंदवही नाहीं. दुखणें बळावलें तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत. त्याची नोंद मुंबईच्या नांवावर. कामगार थकला तर गांवीं. त्याची नोंद कोठेंच नाहीं. जें मोजण्याची सोय आपण केली नाहीं तें ‘मोजतां येत नाहीं’ म्हणून गाळावयाचें, आणि गाळल्यावर ‘पुरावा नाहीं’ म्हणावयाचें! हें गणित नव्हे. ही हातचलाखी होय.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, नाकाला जें वाईट लागतें तें सर्वच घातक नसतें. अगदीं मान्य. हायड्रोजन सल्फाइडचा वास अपायाच्या मात्रेहून फार कमी मात्रेंतही येतो. उलट शिसें, आर्सेनिक यांना वासच नाहीं. म्हणून नाक हें न्यायाधीश नव्हे. पण तें साक्षीदार आहे, आणि साक्षीदारानें हांक मारल्यावर न्यायालयानें दारच बंद करावें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

याच ओघांत आमच्या पक्षाच्या लोकांसही दोन शब्द सुनावले पाहिजेत. वस्तींतला प्रत्येक कर्करोग वालधुनीच्या माथीं मारणारे, प्रत्येक दम्याचें कारण कारखान्याची चिमणी आहे असें छातीठोकपणें सांगणारे पुष्कळ आहेत. तंबाखू आहे, विडी आहे, चुलीचा धूर आहे, वाढतें वय आहे. यांचा वांटा वजा केल्याशिवाय कारखान्याचा वांटा निघत नाहीं. वजाबाकी न करतां केलेला आरोप सोडणाऱ्याच्याच पथ्यावर पडतो. कारण एक आरोप खोटा ठरला कीं दहा खरे आरोप तो त्याच गाठोड्यांत बांधून फेकून देतो. आम्ही जें मागतों तें ‘कारखाना दोषी ठरवा’ असें नसून ‘मोजा’ असें आहे. मोजल्यावर कारखाना निर्दोष निघाला तर आम्ही तेंही छापूं.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. ‘पूर्ण पुरावा येऊं द्या, मग पाहूं’ हें वाक्य ऐकावयास शास्त्रीय वाटतें. जपानांतील मिनामाता गांवीं १९५६ सालीं मज्जातंतूंचा एक विचित्र रोग उघडकीस आला. १९५९ सालीं तेथील चिस्सो कंपनीच्याच डॉक्टर होसोकावांनीं कारखान्याचें सांडपाणी मांजराला खाऊं घातलें आणि मांजराला तोच रोग झाला. कंपनीनें तो प्रयोग बाहेर येऊं दिला नाहीं. सरकारनें पाऱ्याचें कारण अधिकृतपणें मान्य केलें तें १९६८ सालीं. मधल्या बारा वर्षांत सांडपाणी समुद्रांत जातच होतें आणि आयांच्या पोटांतलीं मुलेंही त्या विषानें जायबंदी होत होतीं. उलट १८५४ सालीं लंडनांत डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीच्या मृत्यूंची घरवार टिपणी केली, सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविलें, आणि पंपाचा दांडा काढण्यांत आला. पटकीचा जंतु तेव्हां वैद्यकाला मान्यही नव्हता. कॉकनें तो सर्वांस पटवून दिला तो १८८४ च्या सुमारास. म्हणजे पूर्ण पुराव्यासाठीं लंडनला तीस वर्षें थांबावें लागलें असतें. स्नोजवळ यंत्र नव्हतें. त्यांच्याजवळ कोण मेला, कोठें राहत होता आणि कोठलें पाणी पीत होता, याची यादी होती. ती यादी आज विठ्ठलवाडीची कोणाजवळ आहे?

तिसरा आक्षेप पोटाचा. आणि तो सर्वांत प्रामाणिक असल्यामुळें त्याला उत्तरही प्रामाणिकपणेंच दिलें पाहिजे. कारखाने बंद झाले तर हजारों चुली विझतील. खरें आहे. उल्हासनगरांत जीन्स रंगविण्याचे व धुण्याचे कारखाने न्यायालयाच्या बडग्यानें बंद पडले तेव्हां किती घरांत उपासमारीची पाळी आली, तें आम्हीं पाहिलें आहे. पण पुढें काय झालें? त्यांतले कित्येक आसपासच्या खेड्यांत सरकले. नाला बदलला, निळें पाणी तेंच राहिलें. हें व्हावयाचेंच होतें. कारण आपण नाला वांचविण्याच्या गोष्टी बोललों, माणूस वांचविण्याच्या नव्हे. कोणत्या द्रव्यानें कोणास किती अपाय होतो हें ठाऊक असतें, तर तेवढें द्रव्य बदला, तेवढी प्रक्रिया झांका, असें सांगतां आलें असतें आणि चूलही राहिली असती. मोजमाप हें कामगाराचें वैरी नाहीं, अज्ञान आहे. कारण विषाच्या सर्वांत जवळ उभा असतो तो कामगारच.

२ जुलै २०१५ रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल प्रक्रिया केंद्रें आणि स्थानिक संस्था यांवर मिळून सुमारें ९५ कोटींचा दंड ठोठावला, आणि प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ‘वनशक्ति’ या संस्थेनें त्यासाठीं चिकाटीनें लढा दिला, त्याचें श्रेय तिला दिलें पाहिजे. नदीच्या नुकसानीची किंमत निदान कोणीं तरी काढली. पण त्या नदीच्या कांठीं राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाची, मूत्रपिंडाची, मुलाच्या बुद्धीची किंमत कोणत्याही निकालांत नाहीं; कारण ती मागण्यास लागणारी नोंदच नाहीं. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीं, म्हणजे केंद्राच्या पांच वर्षें आधीं, केला आणि १९७० सालीं त्यासाठीं मंडळ नेमलें, याचा आपणांस अभिमान आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ आपण पाणी मोजलें. माणूस मोजावयास केव्हां लागणार?

आणि वाचकहो, दोष सरकारच्या पदरांत टाकून आपणांस मोकळें होतां यावयाचें नाहीं. आपल्यासारखा पांढरपेशा गृहस्थ या प्रश्नाचें काय करतो? तो घरीं महागडें गाळणयंत्र बसवितो, नाल्याकडची खिडकी बंद करतो, आणि ऐपत वाढली कीं नाल्यापासून दूर दुसरी जागा घेतो. जागा विकतांना वासाविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. कारण भाव उतरेल. ‘प्रमाणांत आहे’ हें वाक्य सरकारी कचेरींत जन्मलें असेल. त्याला पोसलें मात्र आपल्या घरांत. यंत्र आपल्या पेल्यापुरतें पाणी गाळतें. मोलकरणीच्या मुलाचा पेला आणि भाजीवाल्याची पाटी तें गाळीत नाहीं. जो समाज आपला बचाव विकत घेऊं शकतो त्याचा आवाज बंद झाला, कीं ज्याला तो विकत घेतां येत नाहीं त्याचा आवाज कोणालाही ऐकूं येत नाहीं.

आमच्या मागण्या फार नाहींत. प्रत्येक कारखान्यानें कोणतीं द्रव्यें आणलीं आणि कोणतीं सोडलीं यांची नांवानिशीं यादी प्रभागांतल्या फलकावर लागावी. व्यापाराचें गुपित म्हणून पाककृति झांकतां येईल, विष झांकतां येणार नाहीं. नाल्यापासून जवळच्या आणि दूरच्या वस्त्यांत जन्मलेलीं मुलें, त्यांचीं वजनें, गर्भपात, कर्करोग, दमा, मृत्यु आणि मृत्यूचें कारण यांची घरवार नोंद राहावी, आणि तिजवर वय व व्यसनें यांची वजाबाकी करून दरसाल अहवाल निघावा. विहिरींच्या पाण्याबरोबर मुलांच्या रक्तांतील शिसें आणि कामगारांच्या लघवींतील द्रावणांचे अंश तपासले जावे. तपासणाऱ्याचा पगार तपासला जाणाऱ्याच्या खिशांतून येऊं नये. आणि शेवटचें म्हणजे, ‘प्रमाणांत आहे’ असें जो लिहील त्यानें त्याच ओळींत ‘कोणत्या द्रव्याच्या, किती वजनाच्या माणसासाठीं, कोणकोणत्या वाटा धरून’ हेंही लिहावें. लिहितां येत नसेल तर ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ असें लिहावें. त्यांत लाज नाहीं. लाज आहे ती अज्ञानाला निर्वाळ्याचा पोषाख चढविण्यांत.

हें सर्व होईल तेव्हां होवो. त्या पाण्यानें धुतलेल्या तांदुळाचें काय, या वहिनींच्या प्रश्नाला आज तरी आमच्याजवळ कचेरीचा एक शिक्का मारलेला कागद आहे, उत्तर नाहीं. आमच्या इमारतींत धोक्याचें मूल्यमापन आजवर एकदांच झालेलें आहे. आणि तें वहिनींनीं, तांदूळ फेकून देऊन, केलें.